वाट पक्की करा, काठ नको

नदीकाठाने चालायला आणि सायकल चालवायला पक्का ट्रॅक करायचा असं कुठेही ठरलं की लगेच दोन पार्ट्या पडतात, आणि मग जे वाद होतात ते वाचून खरंच वाईट वाटतं, कारण दोन्हीकडची बरीचशी माणसं नदीवर मनापासून प्रेम करणारी असतात. एक पार्टी म्हणते, नदीकाठी वीतभरसुद्धा काँक्रीट नको, नदीला नदी राहू द्या. दुसरी म्हणते, यांना काहीच होऊ द्यायचं नाही, घाण आणि काटेरी झुडपं बघत बसायचं असेल तर बसा. पहिल्यांना दुसरे सगळे बिल्डरचे लोक वाटतात, दुसऱ्यांना पहिले सगळे विकासाचे शत्रू. आणि या गदारोळात ट्रॅक नेमका किती रुंद आहे, पाण्यापासून किती लांब आहे, पूर आला की त्याचं काय होणार, त्यावर कोण चालू शकेल आणि कोण नाही, हे विचारायला कुणी थांबतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. वस्तीजवळच्या नदीकाठावर पक्की वाट झालीच पाहिजे. अरुंद, पाण्यापासून मागे सरकवलेली, पूर आला तर खुशाल पाण्याखाली जाणारी आणि पाणी उतरलं की धुऊन परत वापरता येणारी. पण पक्की करायची ती वाट, काठ नाही. ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची इतकी सरमिसळ केलीय की वाट मागणारा माणूस काठाला भिंत घालणाऱ्याच्या बाजूचा ठरतो, आणि भिंतीला विरोध करणारा वाटेलाही विरोध करून बसतो.

कच्ची पायवाटच बरी, असं म्हणणाऱ्यांना मला एकच विचारायचंय, बरी कुणासाठी? ज्याचे गुडघे धड आहेत, तोल चांगला आहे, चिखलात घसरला तरी उठून चालायला लागेल, त्याच्यासाठी. व्हीलचेअरची पुढची चाकं छोटी असतात, सुट्या खडीत किंवा ओल्या मातीत ती रुततात आणि मग मागून ढकलणारा माणूसही हतबल होतो. वॉकर घेऊन चालणाऱ्या आजोबांचं तेच, बाबागाडी ढकलणाऱ्या आईचं तेच, आणि पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला तर वाटेची कडच सापडत नाही. अशा वाटांसाठी जे निकष वापरले जातात त्यात चढ साधारण पाच टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात, म्हणजे वीस मीटर चालल्यावर जास्तीत जास्त एक मीटर चढ, आणि रुंदी सुमारे तीन मीटर. आता बघा, नदी मैदानातून किंवा शहरातून जाते तेव्हा तिचा उतार फार मंद असतो, म्हणून तर जुने रस्ते आणि रेल्वे नद्यांची खोरी धरूनच गेले. गाव कितीही चढउताराचं असो, त्यातली सगळ्यात सपाट लांबलचक रेघ बहुतेक वेळा नदीकाठचीच असते. ज्यांना चढ जमत नाही त्यांच्यासाठी निसर्गाने आखून ठेवलेली जागा आणि आपण तिथे चिखल ठेवून म्हणायचं की निसर्ग सगळ्यांचा आहे. मला हे पटत नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो खरा आहे. पाणी आणि जमीन जिथे भेटतात तो पट्टा जीवसृष्टीच्या दृष्टीने फार श्रीमंत असतो. कासवं अंडी घालायला पाण्यातून वर येतात, बेडकांचं ये-जा चालू असतं, काठाच्या झाडांच्या मुळ्या माती धरून ठेवतात, त्यांची सावली पाणी थंड ठेवते. तिथे जेसीबी घातला की जे जातं ते चार रोपं लावून परत येत नाही. शिवाय पक्क्या पृष्ठभागात पाणी मुरत नाही. हे सगळं मान्य. पण मग हिशोब तरी मांडा. तीन मीटर रुंदीचा ट्रॅक एक किलोमीटर केला तर तीन हजार चौरस मीटर जागा जाते. त्याच काठावर तीस मीटरचा पट्टा मोकळा राखला तर तो होतो तीस हजार चौरस मीटर, म्हणजे ट्रॅक त्यातला दहावा हिस्सा. आणि शंभर गाड्यांचं पार्किंग, गाड्या आत-बाहेर करायच्या जागेसकट, सहज अडीच-तीन हजार चौरस मीटर खातं. म्हणजे एक किलोमीटरभर माणसं चालणार तेवढी जमीन एका पार्किंगला लागते. मग ट्रॅकच्या विरोधात जितकी ताकद लागते तितकी काठावरच्या पार्किंगच्या विरोधात का लागत नाही? ते तर बऱ्याचदा त्याच प्लॅनमध्ये, त्याच कागदावर असतं आणि त्यावर कुणी बोट ठेवत नाही.

पाणी मुरण्याचंही तसंच आहे. रस्त्यावरचं पाणी गटारात जातं आणि पाइपातून थेट नदीत पडतं, बरोबर गाड्यांचं तेल आणि टायरची भुकटी घेऊन. अरुंद ट्रॅकला बाजूला कठडा किंवा उंच दगडी कड घातली नाही, नुसता एका बाजूला किंचित उतार दिला, तर पाणी बाजूच्या गवतात पसरतं आणि तिथेच मुरतं, आणि वरून मोटारी जात नसल्यामुळे त्यात तेलही नसतं. अट एवढीच की बाजूला गवत आणि झुडपं ठेवलेली पाहिजेत, फरशी नाही.

आणि कच्ची वाट निरुपद्रवी असते हा समज तर सोडूनच द्यायला हवा. जिथे माणसांची वर्दळ आहे तिथे कच्च्या वाटेवर पाऊस पडला की मधे डबकं होतं, लोक डबक्याला वळसा घालतात, वळशाचीही वाट होते, मग तिथेही चिखल होतो, अजून बाजूने वाट पडते, आणि चार पावसाळ्यांत एका पायवाटेच्या जागी चिखलाचा रुंद पट्टा आणि आजूबाजूला वाटांचं जाळं. पायदळी तुडवल्या जाणाऱ्या जमिनीचा अभ्यास करणारे एक गोष्ट परत परत सांगतात, की सुरुवातीच्या थोड्या पावलांनीच सगळ्यात जास्त नुकसान होतं, नंतर पावलं कितीही वाढली तरी नुकसान त्या प्रमाणात वाढत नाही. याचा सरळ अर्थ हा की गर्दीच्या जागी माणसं सगळीकडे थोडी थोडी पसरवण्यापेक्षा एका रेषेवर गोळा केलेली बरी. चालायला सुखाची पक्की वाट असली की बहुतेक लोक तिच्यावरूनच जातात आणि बाकीचा काठ मोकळा राहतो.

कशाने पक्की करायची याबद्दल थोडक्यात. मुरूम किंवा दगडाची बारीक कच दाबून केलेली वाट उंच जागी छान असते, पण पूर येणाऱ्या सखल भागात ती वाहून जाते आणि जाते कुठे, तर नदीतच. पाणी झिरपू देणारं काँक्रीट ऐकायला फार चांगलं वाटतं पण पुराचा गाळ बसला की त्याची छिद्रं बुजतात. पेव्हर ब्लॉकखालची रेती निघून जाते, ब्लॉक वरखाली होतात आणि परत चाकाला धक्के. डांबर स्वस्त पण मुळांनी फुगतं, साधं काँक्रीट महाग पण टिकतं. दलदल लागली तर तिच्यात भराव न टाकता वरून खांबांवर फळ्यांची वाट न्यायची. एकच उत्तर सगळीकडे चालत नाही, आणि वस्तीपासून लांब जिथे दिवसातून मोजकी माणसं जातात तिथे काहीच पक्कं करायची गरज नाही, हेही मी मान्य करते.

पण विरोधामागची खरी भीती डांबराची नाहीच, भिंतीची आहे, आणि या भीतीला इतिहासाचा आधार आहे. लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटला काम करणं अशक्य झालं. त्यानंतर इंजिनिअर जोसेफ बॅझलगेट यांनी शहरभर सांडपाण्याच्या मोठ्या वाहिन्या टाकल्या, आणि त्याच कामात नदीच्या पात्रात भराव घालून व्हिक्टोरिया एम्बँकमेंट उभा केला, तो १८७० मध्ये खुला झाला. खाली मलवाहिनी आणि रेल्वे, वर रस्ता, बागा, फिरायची जागा. त्या वाहिन्यांनी असंख्य जीव वाचवले यात शंका नाही. पण नदी अरुंद झाली, काठ नाहीसा झाला, त्याजागी उभी दगडी भिंत आली. उभी भिंत, वर कठडा, ओळीत दिवे आणि खाली लांबवर पाणी, नदी सुंदर केली म्हणजे असंच दिसलं पाहिजे हे चित्र तेव्हापासून जगभरच्या प्लॅनरांच्या डोक्यात बसलं ते अजून गेलेलं नाही. लॉस एंजेलिसमध्ये १९३८ च्या पुरानंतर सुमारे ८२ किलोमीटरच्या नदीचा बराच मोठा भाग काँक्रीटचा चर करून टाकला. आपल्याकडे साबरमतीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, दोन्ही काठांना अकरा-साडेअकरा किलोमीटर बांधकाम, पात्रात भराव घालून काढलेली जमीन आणि आतलं पाणी नर्मदेच्या कालव्याचं. तिथे रोज असंख्य लोक फिरतात आणि त्यांना आनंद मिळतो, त्या आनंदाला कमी लेखायचं मला कारण नाही. पण तो भिंतीवरचा फिरण्याचा कट्टा आहे, नदीकाठची वाट नव्हे. एकदा काठाची भिंत झाली की कासव वर येऊ शकत नाही आणि पोरगं खाली उतरू शकत नाही.

तेव्हा भीती बरोबर आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर आहे का? भिंतीच्या चित्रात वाट दिसते म्हणून वाट आली की भिंत येतेच, असं कुठे आहे? म्युनिकमध्ये इसार नदीच्या आठ किलोमीटरच्या पट्ट्यात २००० ते २०११ या काळात नेमकं उलटं काम केलं. काठाचं जुनं बांधकाम फोडलं, पात्र रुंद केलं, पात्रातले खडीचे उंचवटे नदीला तिच्या मर्जीने हलवू दिले. त्यामुळे पुराचं पाणी वाहून न्यायची ताकद वाढली, आणि त्याच काठांवर लोक चालतात, सायकली चालवतात, उन्हाळ्यात पाण्यात उतरतात. सिंगापूरला बिशान-आंग मो किओ पार्कमध्ये कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा होता, तो काढून ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली, २०१२ मध्ये काम पूर्ण झालं. जोराचा पाऊस आला की पार्कचा सखल भाग नदीच्या ताब्यात जातो आणि माणसं वर सरकतात. वाटा तिथेही आहेत आणि पक्क्या आहेत. म्हणजे पक्की वाट आणि मोकळी नदी एकत्र नांदू शकतात, फक्त कुणी कुणासाठी सरकायचं हे आधी ठरलेलं पाहिजे. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की प्रकल्पाची ती रंगीत चित्रं बघू नका, आडवा छेद मागा. नदी आडवी कापल्यावर पात्र आज किती रुंद आहे आणि कामानंतर किती राहणार, हे त्या एका ड्रॉइंगमध्ये उघडं पडतं. पात्र एक मीटरने जरी कमी होत असेल तर विरोध करा, मी तुमच्या बरोबर आहे. होत नसेल तर मग विरोध नक्की कशाला?

पुराचा मुद्दा दोन्ही बाजू उलटाच मांडतात. विरोधक म्हणतात पुरात सगळं वाहून जाईल, पैसा पाण्यात. आणि करणारे म्हणतात म्हणून तर भिंत हवी. अरे पण ज्या जमिनीवर पूर येतो तिथे घर, दुकान, शाळा काहीच असता कामा नये, तिथे शोभणाऱ्या फार थोड्या गोष्टी आहेत आणि चालायची वाट त्यातली एक आहे. घरात पाणी शिरलं की संसार जातो. वाटेवर पाणी आलं की चार दिवस वाट बंद. अमेरिकेत डेन्व्हर शहरात १९६५ च्या जूनमध्ये साउथ प्लॅट नदीला भयंकर पूर आला. ती नदी तेव्हा शहराचा उकिरडा होती, काठाला कचरा आणि गोदामं. १९७४ मध्ये नदीसाठी एक समिती नेमली गेली, १९७५ मध्ये दोन प्रवाहांच्या संगमावर पार्क खुलं झालं आणि तिथून काठाकाठाने वाट वाढत गेली. पूर येणारी जमीन माणसांना चालायला देऊन टाकायची, इतका साधा तो विचार होता.

आणि वाट नाही केली तर ती जमीन तशीच राहील, ही तर मोठीच गैरसमजूत आहे. शहरालगतची मोकळी जमीन तशी राहत नाही. आधी राडारोडा पडतो, मग भराव, मग शेड, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं इथून रस्ता काढला तर ट्रॅफिक सुटेल. पॅरिसमध्ये सेन नदीच्या उजव्या काठावर १९६७ मध्ये मोटारींचा जलदमार्ग झाला आणि तो काठ चालणाऱ्यांना परत मिळायला २०१६ उजाडलं. वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीच्या बाजूने जाणारा चेसापीक अँड ओहायो हा जुना कालवा आणि त्याच्या काठाची बोटी ओढायची वाट आहे, तिच्यावर मोटाररस्ता करायचा घाट होता आणि १९५४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेख लिहून त्याला पाठिंबाही दिला. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहून आव्हान दिलं की माझ्याबरोबर ही वाट चालून बघा. संपादक गेले, काही अंतर चाललेही, आणि नंतर पेपरने आपली भूमिका बदलली. १९७१ मध्ये तो सगळा पट्टा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला, जवळजवळ तीनशे किलोमीटर.

ही गोष्ट माझ्या बाजूची आहे तशी माझ्या विरोधातही वापरता येते, आणि ते टाळणं बरोबर नाही. रस्ता हवा म्हणणारेही तेव्हा हेच म्हणत होते की रस्ता झाला तर जास्त लोकांना हा काठ बघता येईल. म्हणजे 'सगळ्यांना पोचता आलं पाहिजे' हा युक्तिवाद ताणला तर मोटारीपर्यंत जातो. मग रेघ कुठे मारायची? मी ती इंजिनाशी मारते. माणसाच्या स्वतःच्या ताकदीने, किंवा चालू न शकणाऱ्याच्या व्हीलचेअरने, जिथवर जाता येईल तिथवर वाट. त्यापुढे नाही. इंजिन आलं की रुंदी वाढते, वेग वाढतो, वळणं सरळ करावी लागतात, आवाज येतो, आणि ज्यासाठी तिथे गेलो तेच उरत नाही. आणि हो, ती तीनशे किलोमीटरची वाट आजही बहुतेक कच्चीच आहे. लांबच्या पल्ल्याला ते योग्यच. वस्तीजवळचे पाच-सात किलोमीटर मात्र असे हवेत की तिथे कुणालाही जाता येईल.

खरं तर काठाने चालायचा हक्क ही नवीन हौस नाहीच. इसवी सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने रोमन कायद्याचं जे संकलन करून घेतलं त्यात स्पष्ट म्हटलंय की काठाची जमीन लगतच्या मालकाची असली तरी काठाचा वापर सार्वजनिक आहे, कुणीही तिथे होडी लावू शकतो, झाडाला दोर बांधू शकतो, माल उतरवू शकतो. फ्रान्समध्ये सरकारी मालकीच्या नद्यांच्या काठाला लागून असलेल्या खासगी जमिनीत आजही सव्वातीन मीटरचा पट्टा मोकळा सोडावा लागतो. हा पट्टा बागेसाठी किंवा जॉगिंगसाठी निर्माण झाला नव्हता, बोटींच्या आणि नदीच्या कामासाठी झाला. काम संपलं, पण जाण्यायेण्याचा हक्क का संपावा? आज कितीतरी ठिकाणी नदी दिसते ती फक्त पुलावरून, कारण दोन्ही बाजूंना कंपाउंडच्या भिंती पाण्याला भिडल्यात. तिथे सार्वजनिक वाट मागणं म्हणजे आपलं होतं ते परत मागणं आहे.

दिव्यांबद्दल मात्र मी पूर्ण विरोधकांच्या बाजूने आहे. रात्रभर पांढरा झगझगीत प्रकाश पाण्यावर टाकला की कीटक, वटवाघळं, मासे सगळ्यांची घडी विस्कटते. दिवे कमी उंचीचे, पिवळसर, खाली तोंड केलेले, आणि पाण्याच्या बाजूला अजिबात नकोत, ठराविक वेळेनंतर बंद. सायकली आणि चालणारे यांची भांडणं होतात तीही खरी, गर्दी असेल तिथे दोघांच्या वाटा वेगळ्या करा, जागा नसेल तर सायकलवाल्याने वेग कमी करायचा, वाट रुंद करायची नाही.

घरभाड्याचा मुद्दा याहून अवघड आहे. इतकी वर्षं ज्यांनी नदीचा वास सोसला, पुराचं पाणी घरात घेतलं, त्यांनाच काठ चांगला झाल्यावर भाडं परवडत नाही म्हणून जावं लागतं, हे होतं आणि हा उघड अन्याय आहे. ट्रॅकच्या डिझाइनमध्ये याला उत्तर नाही, ते घरांच्या कायद्यात आहे आणि काम सुरू व्हायच्या आधी हवं. पण म्हणून त्या लोकांच्या वाट्याला कायमचा घाणेरडा काठच ठेवायचा का? उलट सुरुवात त्यांच्या बाजूच्या काठावरून करा, आणि श्रीमंत सोसायट्यांच्या मागच्या काठाला नंबर शेवटी.

राहिला तो 'आधी सांडपाणी थांबवा, मग ट्रॅक' हा मुद्दा. यात दम आहे, कारण ट्रॅकचं उद्घाटन करता येतं आणि शुद्धीकरण केंद्राचं कौतुक कुणी करत नाही, म्हणून पैसा दिसणाऱ्या कामाकडे वळतो. तेव्हा सांडपाण्याच्या कामाचा एक रुपयाही ट्रॅकला जाता कामा नये, हे लेखी हवं. पण ट्रॅकने तोवर थांबायचं का? डेन्व्हरची नदी स्वच्छ झाली म्हणून लोक काठावर गेले नाहीत, लोक काठावर जायला लागले आणि मग तिच्यासाठी भांडणारी माणसं तयार झाली. नुसतं बघून नदी साफ होत नाही हे मलाही कळतं. पण ज्या नाल्यातून रात्री काळं पाणी सोडलं जातं त्याच्या तोंडाशी रोज सकाळी दोनशे माणसं चालत असतील तर ते लपवणं अवघड होतं, आणि त्यातलं कुणीतरी फोटो काढून तक्रार करतंच.

शेवटचं, ज्यावर दोन्ही बाजू गप्प असतात. पूर उतरला की वाटेवर गाळाचा थर बसतो. ओला असतो तेव्हा तो पाण्याच्या फवाऱ्याने निघतो, वाळून घट्ट झाला की खरवडावा लागतो, आणि काढलाच नाही तर पुढच्या पावसात त्यावरून सगळ्यात आधी घसरतात ते म्हातारे लोक, ज्यांच्या नावाने आपण ही वाट मागितली. पहिल्या दोन पुरांनंतर कुणी फिरकलं नाही की लोक यायचे बंद होतात, झुडपं वाढतात, राडारोड्याचे ट्रक परत यायला लागतात, आणि मग कुणीतरी म्हणतं बघा, पैसा फुकट गेला. म्हणून पुढच्या वेळी प्रकल्पावर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा हवं-नको एवढंच लिहून सोडून देऊ नका. पूर उतरल्यापासून किती दिवसांत गाळ निघेल, कोण काढेल आणि त्यासाठी दरवर्षी किती रक्कम धरलीय, हे टेंडरमध्ये दाखवा म्हणावं. आणि ते लिहून मिळेपर्यंत पहिल्या मीटरचं कामही सुरू होऊ देऊ नका.